चाखून दिलेला चोथा

आमचे दगडूमामा मेंढ्यांपुढं काहीही टाकायच्या आधी स्वतः चावून बघतात. कडबा, भुसकट, शेंगांचा पाला, सगळं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पाव्हण्याला वाढायच्या आदी भाजीचं मीठ बगतेत का न्हाय?" यावर बोलण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. बायकोच्या मते ते कधीच नसतं.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. बार्शीकडच्या एका खेड्यात राहतात. मूलबाळ नाही, मामीही गेल्या; घरात ते आणि पाच मेंढ्या. त्यांना ते 'आमच्या बायका' म्हणतात, तेही भर एसटीत. "आमच्या बायकास्नी आज भूकच न्हाय," हे ऐकून शेजारच्या प्रवाशानं एकदा जागा बदलली होती.

गेल्या साली गावाजवळ द्राक्षाच्या रसाचा कारखाना निघाला. उरलेला चोथा कुणीही न्यावा. मामांनी मूठभर तोंडात टाकून डोळे मिटले. "गोड हाय, वाईच आंबूस. झकास!" झालं, रोज पाट्या भरून चोथा सुरू. वर शेजाऱ्याच्या गाईची खनिज पावडर; तीही चाटून पास झालेली. आम्ही गेलो तेव्हा चोथा मलाही चाखायला लावला. मी लगेच छान म्हणालो. डायबेटीसवाल्याला गोड म्हणून काहीही द्या, छानच लागतं.

मेंढ्या कित्येक महिने ठणठणीत होत्या. मग एके दिवशी थोरलीचे डोळे पिवळे पडले, लघवी लाल झाली आणि डॉक्टर येईपर्यंत ती गेलीसुद्धा.

पुढचं मामांनी फोनवर सांगितलं. बागांवर मोरचूद फवारतात, ते सालीबरोबर चोथ्यात आलं. मोरचुदात तांबं, गाईच्या पावडरीतही तांबं. गाईला ते सोसतं, मेंढीला नाही. तिच्या यकृतात ते गुपचूप साठत जातं.

"पण चव चांगली व्हती की हो," मामा डॉक्टरांना म्हणाले होते.

"काका, एवढंसं तांबं जिभेला कळत नसतं."

डॉक्टरांनी चोथा, पावडर बंद केली, औषध दिलं आणि बजावलं, "काही आठवडे यांना पळवू नका, दचकवू नका. घाबरल्या तर साठलेलं सगळं एकदम रक्तात उतरेल."

परवा सकाळी मामा अचानक शुक्रवार पेठेत, आमच्या घरी हजर. बायकोनं चहा ठेवला.

"बाकीच्या कशा आहेत, मामा?"

"खातेत. बगू." मग म्हणाले, "जरा दार लाव की."

मी दार लावलं. आणि सत्तरीचा तो माणूस भिंतीला टेकून हमसाहमशी रडायला लागला. "मीच घातलं रं तिला. माज्या हातानं घातलं." आत चहा उतू गेला, पण बायको जागची हलली नाही. मी नुसता त्यांच्याशेजारी बसून राहिलो.

बऱ्याच वेळानं त्यांनी तोंड धुतलं, उरलासुरला चहा घेतला आणि पिशवी उचलली.

"अहो मामा, आत्ता तर आलात. राहा चार दिवस," बायको म्हणाली.

"न्हाय गं पोरी, त्यांच्यापाशी कोन हाय?" चप्पल घालताना ते खाली बघतच म्हणाले, "तितं रडता येत न्हाय. त्या घाबरतेत."