अद्याप शोध न लागलेला थर्मास

भूतकाळ जपून ठेवला पाहिजे, याबद्दल सुज्ञ माणसांत दुमत नाही. त्यासाठी भक्कम कुंपण, ऐसपैस वाहनतळ आणि संध्याकाळी पाचला बंद होणारं फाटक एवढंच लागतं. शहराबाहेरच्या निसर्ग उद्यानात हे तिन्ही होतं. शिवाय निसर्गही होता. त्यातून तीन पायवाटा जात: एक सोपी, एक अवघड आणि एक चुकून लागणारी. (उद्यानाच्या पाहणीनुसार बहुसंख्य लोक तिसरीनेच जातात आणि परतल्यावर समाधान व्यक्त करतात.) जिथे मन आपोआप शांत झालं असतं, तिथे 'येथे मन शांत होते' अशी पाटी लावून ती शक्यता संपवली होती.

तिन्ही वाटा 'जिवंत शेता'वर पोचत. तिथे कायम दोनशे वर्षांपूर्वीचं एक साल चालू असे. तिथली माणसं त्या काळचे कपडे घालून नांगरत, दळत, दूध काढत. आणि त्या सालानंतर जे जे घडलं, त्यातलं त्यांना काहीही ठाऊक नसे. तसा नियमच होता. गाईला तो लागू नव्हता, पण तिने तो मोडल्याचं ऐकिवात नाही.

नियम पाळला जातो की नाही हे बघायला एक कालशुद्धी अधिकारी होता. कोणाला संशय येऊ नये म्हणून तो शेताच्या मधोमध बुजगावणं होऊन उभा राही. (बढती मिळाली तेव्हा त्याला नवं मडकं देण्यात आलं.)

ही गोष्ट जिची आहे, त्या मुलीचे बाबा जन्मभर विमा कचेरीत खर्डेघाशी करून निवृत्त झाले आणि मग या शेतावर शेतकरी म्हणून लागले. मोबाइल फाटकावरच्या कपाटात ठेवून आत जायचे. दिवसभर तिने कितीही फोन केले तरी उपयोग नसे. पाच वाजून गेले की त्यांचाच फोन यायचा. "हं, बोल. लागला फोनचा शोध."

गेल्या महिन्यात बाबा गेले. इस्पितळातून चष्मा आला, चपला आल्या, मोबाइल आला. रोज शेतावर न्यायचे तो थर्मास आला नाही. हिरवा होता, झाकणाला पोचा; तो तिनेच लहानपणी पाडलेला. घरात बाकी सगळं जागच्या जागी होतं, त्यामुळे ओट्यावरची तेवढी रिकामी जागा फारच मोठी दिसायला लागली. म्हणून रविवारी ती तिकीट काढून आत गेली.

शेतावरची मालकीण दाराशी लोणी काढत बसली होती. कामाच्या वेळेत ती बाबांची बायको असे. जेवणाच्या सुट्टीत हे नातं तहकूब होई.

"काकू, मी त्यांची मुलगी. बाबांचा थर्मास इथे राहिलाय का?"

काकूंची रवी थांबली. डोळे भरले. मग त्यांची नजर बुजगावण्याकडे गेली. "काय राहिलंय म्हणालीस?"

"थर्मास. त्यात चहा गरम राहतो."

"आपोआप? अगं बाई, हे कसलं चेटूक!" आणि हळूच, "रागावू नकोस गं पोरी. तो बघतोय."

"निदान बाबांबद्दल तरी बोला काहीतरी."

"ते अजून जन्मायचेत, बाळा," काकू म्हणाल्या आणि पदराने नाक पुसलं.

मग ती सरळ शेतात शिरून बुजगावण्यासमोर उभी राहिली. ओठ न हलवता ते म्हणालं, "आपलं दुःख रास्त आहे. पण जो थर्मास अद्याप निघालाच नाही, तो हरवेल कसा? सबब शोधता येत नाही."

"आणि माझे बाबा?"

"त्यांचा जन्म व्हायचा आहे. उद्यानातर्फे आगाऊ अभिनंदन."

तिला हसू फुटलं. महिनाभर माणसं घरी येऊन तिला बाबा गेल्याचं सांगत होती, जणू तिलाच ते कळलं नव्हतं. त्यांचं सगळंच अजून पुढे आहे असं म्हणणारं हे पहिलंच भेटलं, आणि तेही पेंढ्याचं.

बुजगावणं जरा घुटमळलं. "ड्यूटीवर मला मान वळवता येत नाही," ते म्हणालं. "गवताची गंजी माझ्या पाठीमागे आहे."

काकू रवी टाकून धावत आल्या. दोघींनी गंजी उपसली. तळाशी हिरवा थर्मास होता. शेजारी तीन पेले: एक बाबांचा, एक काकूंचा. तिसऱ्यात एक लांब, पोकळ काडी होती. हात न हलवता चहा प्यायला सोयीची.

ती बराच वेळ काडीकडे बघत राहिली. मग थर्मास पोटाशी धरून घरी घेऊन गेली. घासला, धुतला आणि पुढच्या रविवारी भरून पुन्हा गंजीत नेऊन ठेवला. तेव्हापासून तसंच चालू आहे. चहा पूर्वीइतका कडक नसतो, अशी बुजगावण्याची तक्रार आहे. परंतु बुजगावण्याला तोंड नसल्यामुळे तिची दखल घेता येत नाही.

दिवसभर घरी एक फोन करत नाहीत, म्हणून या शेतावरच्या माणसांना कोणी बोल लावू नये. तिथे फोनचा शोधच लागलेला नाही. फाटकाबाहेर तो लागून बराच काळ लोटला, असं समजतं. तरीही घरच्या म्हाताऱ्यांना आपला फोन बरेच दिवस गेलेला नाही. तेव्हा वाचकहो, आपण सध्या नेमक्या कोणत्या सालात राहता, एवढा खुलासा पाचच्या आत व्हावा. फाटक बंद होतं.