दाजीबा मिस्त्री रस्ता ओलांडतात

देवासच्या दाजीबा मिस्त्रींकडे गाडी पारखायला नेली की ते आधी तिच्याकडे बघतच नाहीत. तिच्याखाली घोंगडी पसरतात, उताणे निजतात आणि गिऱ्हाइकाला सांगतात, "आता बोलू नका." मग बराच वेळ खालून नुसता ठकठक आवाज येत राहतो. कुणी विचारलंच, "झालं का?" तर उत्तर ठरलेलं, "घाई कुणाला आहे? गाडीला तर नाही."

मला होती. मी धारचा तांब्यापितळेचा दुकानदार. डोक्यावर भांडी घेऊन गावोगाव ओरडत फिरलो, तेव्हा कुठे दुकान झालं. भाव मी कुठेही पाडतो, सौद्यात एकदाच हरलो. तीन वर्षांपूर्वी इंदुरात एकाने मला टांगा विकला. तो पारखायला मी जो जाणकार नेला, तो विकणाऱ्याचा मेहुणा निघाला. घाटाबिल्लोदच्या उतारावर टांग्याची चाकं जोडणारी आस मोडली आणि आमच्या कुटुंबाचा, म्हणजे बायकोचा, हात मनगटात मोडला. त्या टांगेवाल्याचा विषय निघाला की आजही मला जेवण जात नाही.

तेव्हापासून ती कुठल्याच वाहनात बसली नाही. बागलीला भाच्याची मुंज झाली, तीही हिच्याविना. वीस वर्षं तिने दुकानामागच्या खोलीत काढली होती. तिला एकदा मांडू दाखवावं, मग खाली महेश्वरला नर्मदेवर चार दिवस राहावं, असं माझ्या फार मनात होतं. तेवढ्यात देवासच्या एका सरदाराची सहलीची गाडी विकायला निघाल्याचं कळलं. चार चाकं, वर छप्पर, आत दोघांना पाय पसरून निजता येईल एवढी जागा, भांड्यांना वेगळी पेटी. मी तिला सांगितलं, तर म्हणाली, "आधी पारखणारा माणूस नीट शोधा. तुमचा आवाज मोठा आहे, पण आवाजाने चाक टिकत नाही."

म्हणून देवासला मी गाडीच्या आधी माणसं बघत फिरलो. पहिला जागचा न हलताच म्हणाला, "एकदम पक्की है, भिया." दुसऱ्याने विचारलं, "पक्की म्हणू की कच्ची? भाव पाडायचा असेल तर कच्ची म्हणतो." खरं सांगतो, याला मी जवळजवळ ठरवलंच होतं.

तिसरे दाजीबा. साठीचे, वाळके, कानामागे खडू. मी पहिलाच प्रश्न टाकला, "गाडी विकणाऱ्यांशी तुमचं नातं काय?"

"माझं कुणाशीच नाही," ते म्हणाले. "यात बसणार कोण?"

"मी आणि आमचं कुटुंब."

"भीती कुणाला वाटते?"

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "तिला." मग म्हणालो, "मलाही."

माणूस ठरला, पण अडचण पुढेच होती. देवास गाव एक, राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. मधल्या रस्त्याची एक बाजू यांची, दुसरी त्यांची. गाडी होती थोरल्या बाजूला, दाजीबा राहत धाकट्या बाजूला, आणि तो रस्ता त्यांनी नऊ वर्षांत ओलांडला नव्हता. जुन्या मालकाशी भांडून शपथ घेतली आहे, असं लोक सांगत. मला ते लगेच पटलं. रागावर माणूस नऊ वर्षं सहज काढतो.

"गाडी इकडे आणा," दाजीबा म्हणाले.

सरदारांचे कारभारी म्हणाले, "विकल्याशिवाय हद्द ओलांडणार नाही. पलीकडे जकात मागतील."

मी तिघांच्या वाट्याचा ओरडलो. शेवटी गाडी रस्त्यात आडवी उभी केली. पुढची चाकं धाकट्या राज्यात, मागची थोरल्यात. दाजीबा पुढच्या अर्ध्याखाली घोंगडी टाकून निजले. पुढचं सगळं ठीक निघालं. मी म्हणालो, आता गाडी फिरवा. पण तोवर दोन्हीकडचे शिपाई येऊन परवानगी कुणाची, यावर भांडत होते. कारभाऱ्यांना निमित्तच हवं होतं. गाडी अंगणात परत नेत ते म्हणाले, "अर्धी बघितलीत ना? उरलेली तशीच आहे. उद्या राजगढचं गिऱ्हाईक येतंय. घ्यायची तर आज घ्या."

उद्या गाडी जाईल, मग आमचं कुटुंब पुन्हा कधी हो म्हणणार? मी दाजीबांना म्हणालो, "पुढचं चांगलं आहे, तर मागचंही असेल. घेऊन टाकतो."

दाजीबांनी घोंगडी गुंडाळली. मग म्हणाले, "मीही असंच म्हणालो होतो. मालकांना उज्जैनला जायची घाई होती. पुढचं बघितलं, मागचं सोडलं, हो म्हणालो. वाटेत मागची आस मोडली. मागे स्वयंपाकीणबाई बसल्या होत्या. त्यांचा पाय गेला. त्या पलीकडे राहतात, त्या कोपऱ्यावर. भांडण कुणाशीच नव्हतं, शेट. लोकांना सांगायला बरं पडतं."

एवढं बोलून त्यांनी हत्यारांची पिशवी उचलली आणि रस्ता ओलांडला. पावलं मोजल्यासारखी टाकत होते. मी मागून गेलो.

अंगणात ते गाडीच्या मागच्या अर्ध्याखाली निजले. ठकठक झाली, थांबली, पुन्हा त्याच जागी झाली. मग त्यांनी मला खाली बोलावलं आणि नखाने आस खरवडली. मेण आणि काजळी निघाली, आणि त्याखाली बोटभर चीर.

माझं डोकं फिरलं. पण सवय जात नाही. कारभाऱ्यांकडे वळून मी अर्ध्या भावाला सुरुवात केली.

"भाव पाडून चीर सांधते का?" दाजीबा खालूनच म्हणाले. "नवी आस घालू द्या, मग घ्या. पंधरा दिवस लागतील. राजगढवाला घेऊन गेला तर जाऊ द्या."

तिचं मनगट डोळ्यांसमोर आलं. मी भाव सोडून मान डोलावली. कारभारी आधी फुगले, पण दाजीबा हा दोष उद्या राजगढवाल्यालाही दाखवतील, हे ध्यानात येताच कबूल झाले.

बाहेर पडल्यावर दाजीबा घरी वळले नाहीत. कोपऱ्यावरच्या घरासमोर जाऊन उभे राहिले. हाक मारली नाही. थोड्या वेळाने एक बाई दार उघडून कुबडीवर टेकत बाहेर आल्या.

दाजीबांची नजर खाली होती. ते म्हणाले, "ही कुबडी कुणी केली? आखूड आहे. खांद्यावर येत असेल."

"बाजारातली. तिसरी आहे," बाई म्हणाल्या. "टिकत नाहीत."

"बघू."

बाईंनी चौकटीला धरून कुबडी पुढे केली. दाजीबा पायरीवर बसले, कानामागचा खडू काढला आणि मापं घेऊ लागले. मी म्हणालो, "मिस्त्री, आसेचं लाकूड आजच बघून ठेवायचं होतं."

त्यांनी मान वर केली नाही. "आधी यांचं," ते म्हणाले. "तुमची आस मग."

"बरं," मी म्हणालो, आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.