नेहाचे स्टूल आणि पालकांचे मार्गदर्शन

मुले स्वावलंबी व्हावीत म्हणून पालकांना अपार कष्ट उपसावे लागतात. ते कष्ट मुलांच्या वाट्याला येऊ नयेत, एवढीच त्यांची इच्छा असते. थेरगावच्या आमच्या सोसायटीत ही इच्छा कशी फळाला आली, ते सचिव या नात्याने नोंदवून ठेवणे मला भाग आहे.

नेहा ओव्हाळ नववीत आहे. तिच्या शाळेने यंदा सुतारकाम हा विषय आणला (मुलांचे हात मोबाइलखेरीज इतर वस्तूंनाही लागावेत म्हणून). प्रत्येकाने घरी एक लाकडी स्टूल बनवून आणायचे होते. सूचनेच्या शेवटी लिहिले होते, ‘पालकांनी फक्त मार्गदर्शन करावे.’ यातला ‘फक्त’ पालकांनी न वाचताच सोडून दिला.

लाकडाशी नेहाचा आजवरचा संबंध पेन्सिलीला टोक काढण्यापुरता होता. पण पोरीला हौस आली. परदेशी यंत्रे ज्या खोक्यांतून चाकणला येतात, त्या खोक्यांच्या चार फळ्या तिचे वडील धम्मरत्न यांनी रीतसर परवानगीने आणून दिल्या. रविवारी सकाळी ती शेजारच्या उद्धवरावांची करवत घेऊन गच्चीवर गेली आणि कामाला लागली. फळी बोटभर कापून झाली होती, तेवढ्यात धम्मरत्न वर आले.

“थांब, थांब. करवत अशी धरतात का?”

“मग कशी धरायची?”

“आण इकडे. दाखवतो.”

करवत नेहाच्या हातातून गेली ती गेलीच.

धम्मरत्न चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत आहेत. दुसऱ्यांनी बनवलेले पार्ट नापास करण्यात त्यांची हयात गेली. स्वतः काही बनवायची संधी प्रथमच आली होती. त्यांनी गच्चीवरच मीटिंग बोलावली. सोसायटीतलाच, ताथवड्याला इंजिनिअरिंग शिकणारा सनी लॅपटॉप घेऊन आला आणि त्याने पडद्यावर स्टूल सर्व बाजूंनी गरगर फिरवून दाखवले. (त्याने स्वतः पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये हाताने बनवायचा जॉब सीनियरकडून विकत घेतला होता. तो जॉब अजूनही दर वर्षी पास होतो.) टूलरूममधून निवृत्त झालेले उद्धवराव मूळ गावठाणातले. ते बारीक मापे घ्यायचा व्हर्नियर घेऊन आले.

“आमी केसाच्या जाडीत काम केलंय,” ते म्हणाले. “ह्ये लाकूड हाय म्हणून सूट न्हाई मिळायची.”

“आजोबा, मी एक खिळा ठोकू?” नेहाने विचारले.

“ठोक की पोरी. न्हाई कोन म्हणतंय? पर आधी नीट बघून घे.”

तिने नीट बघून घेतले. बघता बघता सगळे खिळे ठोकून झाले.

“अहो, तिला काहीतरी करू द्या,” नेहाची आई मिनल चहा घेऊन वर आली तेव्हा म्हणाली. धम्मरत्नांना ते पटले. त्यांनी नेहाला मोबाइलचा टॉर्च धरायला सांगितले. ऊन टळटळीत होते.

“पप्पा, नाव तरी मी लिहू?”

“तुझं अक्षर वाकडं येतं बाळा. सनी स्टिकर काढून देतोय.”

 नेहा टॉर्च बंद करून खाली निघून गेली. ती गेल्यावर कामाला वेग आला.

श्रमविभागणीचा माझा हिशोब असा आहे : धम्मरत्न चाळीस टक्के, उद्धवराव पस्तीस, सनी वीस, आणि उरलेले पाच टक्के लाकडाच्या सहनशीलतेचे. नेहाचा सहभाग ‘प्रेरणास्थान’ या सदरात मोडतो.

प्रदर्शनाच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये स्टुलांच्या रांगा लागल्या. एकाचाही पाय डगमगत नव्हता. नववीतले हे कसब पाहता आयटीआय बंद करायला हरकत नव्हती. एका स्टुलाला कारखान्यातला स्प्रे रंग होता, तर एकावर लेझरने मुलाची सही कोरलेली होती. वडीलमंडळी एकमेकांचे सांधे न्याहाळत होती.

“कंपनीत काढलंस ना राव?”

“नाही भावा, पोरानं केलंय.”

“पोरगं कुठल्या शिफ्टला असतं?”

विषय शिकवणाऱ्या सुमनताई सगळी स्टुले पाहून आल्या. त्यांनी टेबलावर एक हातोडी आणि मूठभर खिळे ठेवले.

“फार सुंदर. आता प्रत्येकानं आपल्या स्टुलात एक खिळा ठोकून दाखवा.”

वडीलमंडळींच्या नजरा सांध्यांवरून हातोडीकडे वळल्या.

“मॅडम, हे आधी कळवलं नव्हतं,” एक वडील म्हणाले. दुसरे मुलाच्या आधी हातोडीपाशी पोचले, त्यांना मागे पाठवावे लागले. एका मुलाने हातोडीची कुठली बाजू वापरायची, असे विचारले. दोघांच्या पोटात दुखू लागले (पालकांच्या मार्गदर्शनाखाली). बाकीचे खाली बघत उभे राहिले.

नेहा मात्र पुढे झाली. पहिला खिळा वाकला. दुसरा उडून खिडकीपाशी पडला. तिसऱ्याला हातोडी बोटावर बसली, तसे धम्मरत्न ताडकन उठले.

“अगं, बोटं खाली—”

“पप्पा, बसा.”

ते बसले. आयुष्यात प्रथमच त्यांनी प्रक्रियेत हस्तक्षेप केला नाही. नेहाने बोट तोंडात घातले, काढले आणि पुन्हा हातोडी उचलली. ठक, ठक, ठक. खिळा तिरका आत गेला आणि स्टुलाची फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. धम्मरत्नांच्या तोंडून अस्फुट हुंकार निघाला. नेहाने भेगेवरून बोट फिरवले आणि ती खळखळून हसली.

“मॅडम, अजून एक ठोकू?”

सुमनताईंनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. बाकीच्या स्टुलांपुढे शेरा मारला : ‘पालक उत्तीर्ण. विद्यार्थी गैरहजर.’

याविरुद्ध पालकांनी शाळेवर मोर्चा नेला. मुलांच्या कष्टांवर पाणी फिरवल्याचा आरोप झाला, आणि शाळेने पुढच्या वर्षीपासून सुतारकाम बंद केले.

नेहाने तडकलेल्या फळीच्या जागी नवी बैठक एकटीने गच्चीवर केली. त्यावर बसले की माणूस डावीकडे कलतो. धम्मरत्न रोज कंपनीची बस यायच्या आधी त्यावर बसून बूट घालतात, डावीकडे कलून, आणि एक शब्द बोलत नाहीत. क्वालिटीच्या माणसाला हे किती जड जात असेल, याची कल्पना यावी.

तुम्हाला हे सगळे पटले असेल. धम्मरत्नांना तुम्ही हसलाही असाल. पण तिचा पहिला खिळा वाकला तेव्हा, ‘अगं, तसं नाही, आण इकडे’ असे तुमच्या ओठांवर आले होते, ते मला दिसले. आता हातोडी खाली ठेवा.