उभ्याने खाल्लेलं

समुपदेशक बाईंनी वही टेबलावर उलटी ठेवली. "मंगळवारी तुम्ही चारदा भरपेट जेवलात, आणि दिवसभर नुसतं सूपही प्यायलात. मी सही कशावर करू?"

समोर बसलेल्या तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या सहीवर तिच्या वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची तारीख अडली होती. गेल्या महिन्यात लेक हात सोडून रस्त्यावर धावली, तेव्हा हिचे गुडघे जागचे हलले नव्हते. पोरीला पकडलं ते एका परक्या बाईने.

तोंडात जाईल ते सगळं वहीत लिहायचं, असा नियम होता. विसरायला नको म्हणून तिने वही फ्रिजवर टांगली आणि तिथेच घात झाला. 'लेकीने टाकलेलं अर्धं बिस्किट, उभ्याने' हे सासूबाईंनी वाचलं. सून उपाशी असते असं परस्पर जाहीर होणार की काय! त्यांनी खाली दोन अंडी, दूध, केळं, असं चार वेळचं जेवण चढवलं. नवऱ्याने ते पाहिलं. डॉक्टर रागावतील म्हणून सूप लिहून टाकलं.

"वजन माझं, गुडघे माझे," ती म्हणाली, "निदान वही तरी माझी राहू द्यायची."

"यातलं तुमचं कुठलं?"

तिने पेन्सिलीने खुणा केल्या. बिस्किट, उभ्याने. भाताचे चार घास, पातेल्यातूनच, उभ्याने. लेकीच्या ताटातलं उरलेलं, ओट्याशी.

"बसून काय खाल्लंत?"

तिने खुणांवरून पुन्हा पेन्सिल फिरवली. "मघाशी तुमच्याकडे पाणी प्यायले."

बाईंनी सही केली आणि बाहेर बसलेल्या सासूबाईंना आणि नवऱ्याला आत बोलावलं. "ऑपरेशननंतर यांनी अर्धा तास बसून, सावकाश जेवायचं. सवय आजपासून."

"अगं बाई, अर्धा तास? मग पोरीकडे कोण बघणार?" सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी एक कोरी वही नवऱ्यापुढे सरकवली.

"मला कुठे ऑपरेशन करायचंय?"

"तो अर्धा तास मुलगी तुमच्याकडे. तेवढ्यात तुमच्या तोंडात जाईल ते लिहा. खरं लिहा."

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर नवी वही लटकत होती. पहिल्याच ओळीत नवऱ्याचं वेडंवाकडं अक्षर: 'अर्धं बिस्किट. ओलं. उभ्याने.'

तिने ते दोनदा वाचलं, खुर्ची ओढली आणि ताट पुढ्यात घेऊन बसली.