गुडघ्यांची शिकवणी

माझ्या हाताखाली दगड आला, तरी पाढे म्हणत बाहेर पडतो! आयुष्यभर मुलांना शिकवलंय, चेष्टा नाही. त्यामुळे इस्पितळात काम करणारी आमची सूनबाई जेवताना म्हणाली, "बाबा, आम्ही कॉम्प्युटरला गुडघ्याचे एक्स-रे वाचायला शिकवतोय," तेव्हा माझा घास हातातच राहिला.

"शिकवता म्हणजे?"

"हजारो एक्स-रे दाखवायचे, प्रत्येकाचा आकडा सांगायचा. शून्य म्हणजे गुडघा ठणठणीत, चार म्हणजे हाडावर हाड घासतंय. बघून बघून ते आपलं आपण ओळखायला लागतं. डीप लर्निंग म्हणतात त्याला."

"हात्तिच्या! हे तर आपली टिल्लीसुद्धा करेल!"

टिल्ली म्हणजे माझी नात.

"लागली पैज? टिल्ली हरली, तर तुमच्या गुडघ्याचा एक्स-रे काढायचा. जिना उतरताना कण्हता ते ऐकू येतं मला."

"कण्हतो? मी गुणगुणतो!"

खरं सांगू? एक्स-रे म्हटलं की मला त्यामागून येणारी सुरीच दिसते.

सूनबाईने नावं खोडलेले जुने एक्स-रे आणि त्यांच्या आकड्यांची यादी आणून दिली. टिल्ली आणि तिच्या मैत्रिणी सतरंजीवर बसल्या. मी खिडकीशी उभा राहून एका हाताने एकेक एक्स-रे उजेडात धरायचो आणि आकडा सांगायचो. काय चुणचुणीत पोरी! संध्याकाळपर्यंत लाह्या फुटाव्यात तशी उत्तरं फुटायला लागली.

रविवारी परीक्षा. सूनबाईने नवेकोरे एक्स-रे आणि उत्तरांची यादी आणली. यादी खिडकीत ठेवून मी उभा.

"तीन!"

"शून्य!"

"चार, चार!"

एक चूक नाही! मी आनंदाने उडी मारायचा बेत केला, पण बेतावरच थांबलो.

सूनबाईने डोळे बारीक केले. "बाबा, जरा पाणी आणता आतून?"

मी तांब्या घेऊन परततो तो एक्स-रे सूनबाईच्या हातात आणि वर्गाची दाणादाण!

"दोन?"

"एक?"

"पाच?"

"अगं, पाच नसतोच!" मी ओरडलो.

"टिल्ले, मघाशी कसं येत होतं गं सगळं?" सूनबाईने विचारलं.

"सोप्पं होतं! एक्स-रे वाईट असला की आजोबा स्वतःचा गुडघा चोळतात. थोडा चोळला तर दोन, तोंड वाकडं करून चोळला तर चार. आणि शून्य असला की नुसतेच उभे!"

सूनबाई हसून हसून लोळायची बाकी राहिली. "लाजू नका, बाबा! आमचं मशीनही आधी गुडघा सोडून फोटोच्या कोपऱ्यातलं इस्पितळाचं अक्षर बघूनच उत्तर द्यायचं; एका इस्पितळातून खराब गुडघेच जास्त यायचे ना!"

पैज ती पैज. इस्पितळाकडे वरात निघाली. माझा गुडघा पडद्यावर झळकला, माझे दोन्ही हात गुडघ्यावर, आणि अख्खा वर्ग एका सुरात किंचाळला, "चाऽऽर!"

मशीनने शांतपणे आकडा दाखवला: दोन. डॉक्टरांनीही निरखून मान डोलावली. "दोनच. सुरी नको, व्यायाम करा."

त्या क्षणी मी पक्ष बदलला. मशीनसारखा गुणी विद्यार्थी नाही!

शिकवणी अजून चालू आहे. फक्त आता मुली शिकवतात आणि मी सतरंजीवर पाय उचलतो. काल टिल्ली म्हणाली, "आजोबा, शून्य!"

मी हरखलो. "म्हणजे गुडघा ठणठणीत?"

"नाही हो. व्यायामाचे मार्क!"