अडीच नंबरची सवलत

सोमवारी सकाळी दाढी करता करता घारभाऊंनी ठरवलं, की आपले डोळे बिघडले आहेत.

तसं आरशात काही कारण दिसत नव्हतं. उलट हनुवटीवरचा एकेक खुंट वेगळा मोजता येत होता, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर उलटं दिसूनही वाचता येत होतं, आणि खिडकीबाहेर, चार घरं सोडून पलीकडच्या गच्चीत वाळणाऱ्या निळ्या सदऱ्याचं तिसरं बटण अजून तुटलेलंच आहे हेही कळत होतं. (सदरा कोणाचा ते घारभाऊंना माहीत नव्हतं. बटण मात्र सहा महिने माहीत होतं.) पण माणसानं एकदा मनावर घेतलं, की डोळे बिघडवायला असा कितीसा वेळ लागतो?

घारभाऊ हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते चष्म्याच्या काचा करणाऱ्या कारखान्यात कामाला होते, आणि हे नाव त्यांना तिथे पडलं होतं. काच घासून, चकचकीत करून, धुऊन-पुसून झाली की शेवटच्या टेबलावर येई. उत्तरेच्या मोठ्या खिडकीखाली ते टेबल होतं आणि तिथे घारभाऊ बसत. काच चिमटीत धरायची, उजेडात तिरकी करायची आणि एक तर ‘बरी’ म्हणायचं, नाही तर ‘नको’. अकरा वर्षं ते कामावर जवळजवळ एवढंच बोलत आले होते. त्यांनी ‘नको’ म्हटलेल्या काचेतली खोट शोधायला बाकीच्यांना भिंग लागायचं. त्या खुर्चीवर त्यांचा भारी जीव. बायकोनं तिच्यासाठी दर दोन वर्षांनी नवी उशी शिवून दिली होती. पहिल्या उशीची शिवण अगदी सरळ होती. अलीकडच्या उशीची शिवण जरा भरकटल्यासारखी होती, पण बसणाऱ्याला शिवणीशी काय करायचंय?

या कारखान्याची कामगारांना सवलत एकच. वर्षाला एक चष्मा फुकट. फक्त तो ज्याचा त्याच्याच डोळ्यांना लागत असला पाहिजे, घरच्यांना चालायचा नाही. त्यामुळे अकरा वर्षांत कारखान्यातली नाकं एकेक करून नव्या चष्म्यांनी सजत गेली, आणि ज्याची नजर सगळ्यांत चांगली तो तेवढा कोरडा राहिला.

आता सवलतीचं कसं असतं, ती ज्याच्या त्याच्या नशिबाप्रमाणे असते. घारभाऊंची बायको साबणाच्या कारखान्यात पॅकिंगला होती. साच्यातून वाकडे निघालेले साबण कामगारांनी घरी न्यायचे, अशी तिथली पद्धत. त्यामुळे त्यांच्या न्हाणीघरात कधी पोट सुटलेला साबण असायचा, कधी मान मोडलेला, आणि एक तर हुबेहूब तिच्या भावासारखा दिसायचा. (तो वापरायला कोणी धजावलं नाही.) हा भाऊ सिनेमाच्या थिएटरात मशीन चालवायचा. त्याला आठवड्याला दोन पास मिळत, मात्र त्याला स्वतःला एकाही सिनेमाचा शेवट सांगता येत नसे, कारण शेवटाच्या वेळी तो पुढच्या खेळाच्या तयारीत असे. वरच्या मजल्यावरचा माणूस आइस्क्रीमच्या कारखान्यात होता. तिथे हवं तेवढं खायची मुभा होती, पण घरी न्यायची बंदी. पहिल्या महिन्यात त्यानं इतकं खाल्लं, की आता तो पांढऱ्या भिंतीकडेही बघत नाही. कोपऱ्यावरच्या इमारतीतल्या लिफ्टमनला कंपनीनं स्टूल दिलं होतं आणि तो तेवढ्यावरच खूश होता.

रविवारी संध्याकाळी मेहुणा पास घेऊन आला. बहिणीनं पास हात लांब करून, खिडकीकडे धरून वाचला आणि हल्ली छपाई फार वाईट करतात म्हणाली. चहा झाला. मग मेहुण्यानं सहज, अगदी मनात काही नसताना विचारलं,

“भावोजी, तुमच्या कारखान्यातनं काय मिळतं हो?”

घारभाऊंनी तोंड उघडायच्या आत बायको बोलली, “यांना काही मिळत नाही रे. यांचे डोळे चांगले आहेत ना.”

तिचा स्वर आजारी माणसाबद्दल बोलावं तसा हळवा होता, आणि तो घारभाऊंना लागला. एवढी घारीची नजर, आणि घरी न्यायला एक वाकडा साबणही नाही. त्यांना उगीचच वाटून गेलं, की या घरात आपण अकरा वर्षं रिकाम्या हातानं येतो आहोत.

म्हणून सोमवारी डोळे बिघडले.

कारखान्यात नंबर काढायला एक म्हातारे काका होते. एका अंधाऱ्या खोलीत काचांची लाकडी पेटी मांडीवर घेऊन ते बसत. घारभाऊंना दारात बघून ते आधी म्हणाले, की चहाची खोली पलीकडे आहे. डोळे दाखवायला आलोय म्हटल्यावर त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी घारभाऊंना जवळ बसवलं, हातात बारीक अक्षरांचा पुठ्ठा दिला आणि शेवटची ओळ वाचायला सांगितली. शेवटी ओळ आहे का, असं घारभाऊंनी विचारलं. (ओळ तर होतीच, शिवाय त्या ओळीखाली छापखान्याचा पत्ता होता, आणि त्यात एक चूक होती.)

काकांनी एक नंबरची काच लावली आणि आता कसं म्हणून विचारलं. इथे घारभाऊंचं गणित चुकलं. त्यांच्या मनात आलं, फुकटच मिळतंय तर एक नंबर कशाला घ्या? अकरा वर्षांचं साचलेलं आहे, जरा जाडजूड काच पदरात पडू दे. ते म्हणाले, अजून थोडं. काकांनी दीड लावला, मग दोन लावला. घारभाऊ बाजारात भाजी जास्तीची घालून घ्यावी तसे अजून थोडं, अजून थोडं म्हणत राहिले आणि अडीचवर येऊन तृप्त झाले.

काकांनी स्वतःचा चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

“घारभाऊ, मग तुम्ही रोज काचा तपासता कशा?”

हा प्रश्न येईल हे घारभाऊंच्या स्वप्नातही नव्हतं. अकरा वर्षं दोनच शब्दांवर काढलेली असल्यामुळे ऐनवेळी तिसरा शब्द शोधताना त्यांची धांदल उडाली.

“अंदाजानं,” ते म्हणाले.

काकांनी घारभाऊंच्या नावाचं कार्ड काढलं, नंबर लिहिला आणि खाली, जसं सांगितलं तसं, ‘अंदाजानं’ हेही लिहिलं.

मंगळवारी संध्याकाळी काळ्या फ्रेमचा चष्मा मिळाला. तो नाकावर ठेवून घारभाऊ कारखान्याच्या फाटकाबाहेर पडले, आणि तिथेच उभे राहिले. रस्ता कुठे गेला कोण जाणे. त्याच्या जागी काहीतरी मऊ पसरलं होतं. दिव्यांना कापसाच्या टोप्या आल्या होत्या. माणसांचे चेहरे पुसले गेले होते आणि नुसत्या चाली उरल्या होत्या, त्याही तरंगत जाणाऱ्या. भिंतींवरच्या भेगा, पाट्यांवरचे गंजाचे डाग, कोणाच्या कॉलरवरची मळकी रेघ, जे जे म्हणून घारभाऊंना इतकी वर्षं न बघायचं ठरवूनही दिसायचं, ते सगळं गेलं होतं. घराच्या गल्लीत वळताना त्यांनी त्या गच्चीकडे पाहिलं. निळा सदरा निळ्या ढगासारखा हलत होता आणि त्याला बटणं पुरी आहेत असं खुशाल मानता येत होतं.

आयुष्यात पहिल्यांदा सगळं जग एकदम ‘बरी’ झालं होतं. घारभाऊंना इतकं हलकं वाटलं, की वाटेत एका तांबड्या, ठेंगण्या गृहस्थांना त्यांनी आपणहून नमस्कार केला आणि तब्येत विचारली. ती पोस्टाची पेटी होती, पण तिनंही काही वाईट सांगितलं नाही. जिन्यात त्यांना एक पायरी जास्त लागली. तिचंही त्यांना काही वाटलं नाही.

दार बायकोनं उघडलं, आणि घारभाऊ बघतच राहिले. दिव्याच्या पिवळ्या उजेडात, कडा विरघळलेली, लग्नाच्या फोटोतलीच मुलगी समोर उभी होती.

“शोभतो हो चष्मा,” ती म्हणाली.

“तू अगदी लग्नातल्यासारखी दिसते आहेस,” घारभाऊ म्हणाले. असं ते बऱ्याच वर्षांत बोलले नव्हते.

“तुम्ही तर मला कायमच तसे दिसता,” ती म्हणाली आणि लाजून पाणी आणायला गेली. त्या संध्याकाळी दोघं कितीतरी वेळ खिडकीत बसली होती. शेजारचं माणूस दोघांपैकी एकालाही धड दिसत नव्हतं.

गुरुवारी कार्ड मॅनेजरच्या टेबलावर पोचलं. मॅनेजर हळू आवाजात बोलणारा माणूस होता, त्यामुळे त्याचं बोलणं जास्तच लागायचं. त्यानं ‘अंदाजानं’ या शब्दाखाली तांबडी रेघ मारली होती. अकरा वर्षं किती नाकांवर आपल्या काचा गेल्या असतील, एवढंच त्यानं विचारलं. घारभाऊंना तेव्हाच खरं सांगता आलं असतं. पण खरं सांगितलं तर चष्मा जाणार, आणि बायकोनं तोवर साबणाच्या कारखान्यात सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की आमच्या यांना कंपनीनं चष्मा दिला. ते मान खाली घालून गप्प उभे राहिले. मॅनेजरनं त्यांना पुठ्ठ्याची खोकी जोडायच्या विभागात पाठवलं. शनिवारपर्यंत शेवटच्या टेबलावर काका बसतील, आणि सगळं नीट चाललं तर कायमचे तेच, असं ठरलं.

खोक्यांच्या विभागात चूक काढायला काही नव्हतं. घारभाऊ धुक्यात बसून खोकी जोडत आणि खोकी त्यांच्याभोवती ढगांसारखी रचत जात. कोणी काही विचारत नव्हतं. दोन दिवस त्यांना वाटलं, हेही बरंच आहे की. पण मधूनच लांबवर उत्तरेची खिडकी नुसती पांढरी, चौकोनी तेवढी दिसायची, आणि तिच्याखाली दुसऱ्याचीच पाठ. माझी खुर्ची, माझी उशी, असं त्यांच्या मनात यायचं आणि डोळे भरायचे. (त्यामुळे आणखीच कमी दिसायचं.) घरी त्यांनी यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं.

शनिवारी दुपारी ते खोक्यांची चळत घेऊन हॉलमधून चालले होते. घाम आला म्हणून चष्मा कपाळावर सरकवला होता. शेवटच्या टेबलापाशी मॅनेजर उभा होता, काकांची शेवटची तपासणी बघत. काकांनी एक काच उचलली, उजेडात धरली, डोळे बारीक करून इकडून तिकडून पाहिली आणि म्हणाले, “बरी.”

घारभाऊ तिथून चांगले वीस पावलांवर होते. पुढं जे झालं ते त्यांनी ठरवून केलं नाही. शिंक यावी तसं ते झालं.

“नको,” ते म्हणाले. “डाव्या कडेला, खाली, ओरखडा आहे.”

मॅनेजरनं काच हातात घेतली, भिंग मागवलं आणि बराच वेळ पाहिलं. मग त्यानं वीस पावलांवरून घारभाऊंच्या कपाळावरच्या चष्म्याकडे पाहिलं.

घारभाऊंनी खोकी खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. वाकडे साबण सांगितले, सिनेमाचे पास सांगितले, लिफ्टमनचं स्टूलही सांगितलं. ऐकता ऐकता मॅनेजरचा चेहरा दोनदा हसण्यावर आला आणि दोनदा त्यानं तो सावरला. शेवटी त्यानं निकाल दिला. खुर्ची परत. चष्म्याची सवलत जन्मभर बंद. काकांनी तपासलेल्या तीन दिवसांच्या काचा सुट्टीच्या दिवशी येऊन पुन्हा तपासायच्या. आणि हा चष्मा घरी न्यायचा, कारण घासलेली काच काही परत वाढवता येत नाही. सगळ्यांत सुटल्यासारखे दिसले ते काका. त्यांनी जाताना उशी झटकून जागेवर ठेवली.

घारभाऊ मोकळ्या डोळ्यांनी घरी आले. भेगा, डाग, मळक्या कॉलरी, सगळं जागच्या जागी होतं, आणि सदऱ्याचं तिसरं बटण तुटलेलंच होतं. बायकोला समोर बसवून त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत कबुली दिली. ती आधी रागावली, मग कार्डावरचं ‘अंदाजानं’ ऐकून पदर तोंडाला लावून हसत सुटली. हसू ओसरल्यावर तिनं चष्मा हातात घेतला. एवढा आला आहे तर बघू तरी, म्हणून नाकावर ठेवला.

तिनं जवळ पडलेला साबण उचलला आणि त्याच्यावरची बारीक अक्षरं घडाघडा वाचली. सिनेमाचा पास वाचला. तिच्याच हातच्या शिवणीचा एक अभ्रा उचलला, टाके पाहिले आणि अगं बाई म्हणून खाली ठेवला. छपाई चांगली होती, सगळं चांगलं होतं, हे तिच्या हळूहळू लक्षात येत होतं. घारभाऊंच्याही लक्षात येत होतं. अकरा वर्षांत आपण पहिल्यांदाच काहीतरी घरी आणलं, आणि ते नेमकं बसलं, या आनंदानं ते ताठ बसले.

मग तिनं मान वर केली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

ती बराच वेळ बघत होती. कपाळ बघितलं. मिशा बघितल्या. जरा उठून, वाकून, डोक्याचा मधला भागही बघितला. घारभाऊ शेवटच्या टेबलावरच्या काचेसारखे निमूट बसून राहिले. ‘बरी’ की ‘नको’, एवढंच त्यांना ऐकायचं होतं.

तिनं चष्मा काढला, नीट मिटला आणि पर्समध्ये ठेवला.

“छान आहे,” ती म्हणाली. “कारखान्यात लावीन.”

“आणि घरात?”

“घरात नको,” ती म्हणाली. “इतकी वर्षं संसार सुखाचा झालाय, उगीच कशाला.”