गोळीचं नाव विचारणारे गुलाबराव

आमच्या खामगावात शेजारीपाजारी कुणाला ताप आला, की आधी गुलाबराव येतात आणि मग डॉक्टर. तेलगिरणीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ पेशंटच्याही आधी तपासणीच्या खोलीत घुसतात. त्यांना पाहिलं की कंपाउंडर दार अर्धं ओढून घेतो. गुलाबराव उरलेल्या अर्ध्यातून आत जातात.

"साहेब, या गोळीचं नाव काय? काऊन देऊन राह्यले? नाही घेतली तं काय होते?"

माझ्या साध्या खोकल्यापायी त्यांनी डॉक्टरांना इतकं पिडलं, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर येऊन मी चिडलो, तर म्हणाले, "देह कोनाचा हाये बे? तुयाच ना? मंग मालकानं विचारू नाही?"

बरं, ते नेहमी पेशंटच्या बाजूचे असतात म्हणावं, तर तेही नाही. गल्लीतल्या शिंप्यानं डॉक्टरांसमोर बिडी सोडल्याची शपथ घेतली, तेव्हा गुलाबरावांनी सरळ त्याच्या खिशातलं बंडल काढून टेबलावर ठेवलं. "डॉक्टरनं आपल्याले खरं सांगावं अन् आपन त्याले लपवावं? असं जमत नाही राजा." शिंपी त्यांच्याशी अजून बोलत नाही.

यंदा त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, पोट दुखायला लागलं. अकोल्याच्या दवाखान्यात मीच दोघांना माझ्या गाडीतून नेत असे. रिपोर्ट आला त्या दिवशी काकू बाहेर बाकावर होत्या आणि आत आम्ही दोघं. कॅन्सर आहे आणि फार पसरलाय, असं डॉक्टर म्हणाले. गुलाबरावांनी एकही प्रश्न विचारला नाही.

"बाईंना आत बोलवा. त्यांनाही सांगायला हवं," डॉक्टर म्हणाले.

या माणसानं चक्क हात जोडले. "साहेब, तिले नका सांगू. आमच्यात बाईमानसाले असं सांगत नाहीत."

मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघवतही नव्हतं.

परतताना काकूंनी मागच्या सीटवरून विचारलं, "काय म्हने डॉक्टर?"

"अल्सर हाये. होते बरं."

यांनी विचारलंय म्हणजे खरंच असणार, एवढा काकूंचा विश्वास. त्या निवांत झाल्या. "मंग जलंबले बहिनीकडे दिवाळी झाल्यावरच जाईन. आता काय घाई हाये?"

दिवाळीची खात्री डॉक्टरांनी दिली नव्हती.

"गाडी थांबव बे," गुलाबराव मला म्हणाले. उतरले आणि मागे काकूंजवळ जाऊन बसले. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांना बायकोचा हात धरताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"अल्सर नाही हाये. खोटं बोललो मी. कॅन्सर हाये. डॉक्टर तुलेच सांगनार होता, मी नाही सांगू देल्लं."

काकूंनी रस्त्याकडेच्या कपाशीवरची नजर त्यांच्याकडे वळवली.

"तुमी काय काय विचारलं त्याले?"

"काहीच नाही. हिंमतच झाली नाही."

"भाऊ, गाडी वापस फिरव," काकू मला म्हणाल्या. "दुखलं तं काय देता, अन् बहिनीकडे आताच गेली तं चालते का, मले विचाराचं हाये."

मी गाडी वळवली. गुलाबराव ओक्साबोक्शी रडत होते. काकू एका हातानं त्यांची पाठ थोपटत होत्या.

"उगी राहा. तुमी बाहेर बाकावर बसा. मी येते विचारून."